रिकाम्या जागेला भेटणाऱ्या वाटा

आत्या,

तू गेलीस त्या दिवशी मुरबाडच्या घरी जे जे आले ते तुझ्या शांतपणाबद्दल बोलत होते. कोणी म्हणालं, बाईंनी कधी आवाज चढवला नाही. कोणी म्हणालं, कुणाचं मन दुखावलं नाही. मी दाराशी बसून ऐकत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही. माझ्यावर तू आवाज चढवला आहेस. शहापूरच्या एसटी स्टँडवर, कलिंगडाच्या गाडीशेजारी, चार माणसं थांबून बघतील इतका. आणि तोही एका ठिपक्यांच्या रेषेवरून.

ते भांडण तसंच राहिलं. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या घरातली ही जुनीच फाळणी. बाबा चळवळीची पत्रकं लिहिणारे आणि तू मोजणी कचेरीत ट्रेसर. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवून काढायची, हे तुझं उभ्या आयुष्याचं काम. आमच्या सापगावच्या घरात ताटं मांडायची तर आधी पत्रकांचे गठ्ठे सरकवावे लागत. मी वाचलेलं पहिलं वाक्य उद्गारचिन्हाने संपणारं होतं. तू यायचीस, एखादं पत्रक उचलून वाचायचीस आणि म्हणायचीस, "दादा, तुला पूर्णविराम परवडत नाही का रे?" बाबा म्हणायचे, "तू गप. सरकारच्या रेघा गिरवतेस तू." तू म्हणायचीस, "गिरवते. पण वाढवत नाही आणि गाळतही नाही."

मी बाबांच्या बाजूची. अजूनही आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू जिंकलीस असं तुला वाटायला नको.

तो नकाशा तुला शहापूरच्या रद्दीवाल्याकडे मिळाला होता. इंग्रजांच्या काळातला, एका इंचात एक मैल बसवलेला, चौकोन कापून कापडावर डकवलेला. तू तो तुझ्या पलंगावर पसरलास आणि मला शेजारी बसवलंस. तोपर्यंत नकाशा म्हणजे माझ्या लेखी भिंतीवर टांगलेली, परीक्षेत रंगवायची गोष्ट. तू माझ्या हातात भिंग दिलंस आणि म्हणालीस, "चाल."

मी चालले. तपकिरी रेघांवरून, तू शिकवलंस तशी: रेघा दाटल्या की चढ, रेघा पांगल्या की सपाट भातशेत. तानसाचं पाणी होतं, निळं, पंजा पसरल्यासारखं. पण भातसाचं धरण नव्हतं. जिथे आज समोरचा काठ धुक्यात जातो तिथे नुसती एक नदी होती, वळणं घेत चाललेली, आणि काठाने ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती अशी गावं. सापगावजवळ पूल नव्हता, पायी नदी ओलांडायच्या उताराची खूण होती. मुरबाडकडच्या एका माळावर एकच झाड काढलं होतं. सबंध तालुक्यात लाखो झाडं असतील, आणि या साहेबाने हे एकच का काढलं?

"लांबून दिसत असेल," तू म्हणालीस. "दोन डोंगरांवरून त्याच्यावर नेम धरून अंतर मोजत असतील. पण कोणतं झाड होतं ते लिहायला हवं होतं नाही? आंबा की उंबर?"

सरकारी नकाशातली चूक शोधायची तर मी नावं शोधली असती, हद्दी शोधल्या असत्या. तुला आंबा की उंबर ते हवं होतं.

मी तेव्हा म्हणालेच, "आत्या, हा नकाशा साहेबाने सारा वसूल करायला आणि फौज चालवायला काढला. आपल्यासाठी नाही."

"अगदी खरं," तू म्हणालीस. "म्हणून तर नीट काढला. फौज खड्ड्यात जाऊन कशी चालेल?"



मग सगुणा आली. सगुणा म्हणजे कुंभ्याच्या वाडीची, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची जी वाडी आहे तिथली. आमच्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, आमच्या वाटंवर गेट लावलंय बग. वरच्या माळावर जायाचं तं वाचमन वही पुढं करतो. नाव लिवा म्हनतो. माज्या सासऱ्याला नाव लिवायला लावतो! पंचाहत्तर पावसाळे तो त्या वाटंनं गेला, नि आता पावना झाला?"

वाडीच्या वर तो माळ आहे. त्यावर वाडीची नागली आणि वरई पिकते, गुरं चरतात, आणि टोकाला वाघोबाचा दगड आहे. त्याला नवं धान्य दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही. मधली जमीन कुणीतरी फार्महाउसच्या प्लॉटसाठी घेतली होती आणि कुंपण घालताना वाट आत गेली होती. माळ गेला तर वाडीचं धान्य गेलं. सगुणाच्या सासऱ्यांनी, वाळकूबाबांनी, वहिवाटीचा अर्ज तहसील कचेरीत दिला होता. सुनावणी लागली होती आणि कागद मागितले होते.

"कागद कुठला देऊ?" सगुणा म्हणाली. "वाट हाय. वाटंचा कागद कसा आसंल?"

मी त्याच बैठकीत पत्रक लिहिलं. 'पिढ्यानपिढ्यांची वाट पैशाच्या फाटकाआड!' आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले. नकाशा उघडला, डोंगर ओळखला, नाला ओळखला, आणि ती सापडली. ठिपक्यांची रेघ, नदीकडून निघून सरळ वर माळावर गेलेली. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या काकू डोकावल्या.

मग मी वाडीचं नाव शोधू लागले. ते नव्हतं. नुसतं नाव नाही असं नव्हे, घराची एक खूणही नव्हती. वाडी आज जिथे आहे तिथे कागद कोरा होता.

मी म्हणाले, "ठीक आहे. वाटेपुरता फोटो काढते. हा कोपरा येऊ देत नाही."

तू त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवलास.

"हात काढ, आत्या."

"नाही काढत. सगळा दे, नाहीतर देऊ नकोस."

"समोरचा वकील म्हणेल इथे कुणी राहतच नव्हतं!"

"म्हणेल. त्याला म्हणू दे. गाळलेला नकाशा खोट्याहून वाईट असतो. खोटा निदान पकडता येतो."

"त्या माणसांची भाकरी जाणार आहे, आणि तुला तुझ्या ट्रेसिंगची पडली आहे!"

तू रागावलीस. पण रागाच्या भरातही तुझी नजर खालीच होती, आणि बघता बघता तुझा चेहरा बदलला. तू हात उचललास आणि भिंग ठेवलंस. "अगं थांब. ही एक वाट नाही. बघ ना. नदीकडून एक, खिंडीतून एक, या झऱ्याकडून एक, आणि ही वरून माळावरून. चारही इथेच येतात. या कोऱ्यात." तू माझ्याकडे बघितलंस. "ओसाड जागी चार वाटा कशाला जमतील? गप्पा मारायला?"

तो क्षण मला जन्मभर पुरणार आहे. तुझ्या डोळ्यांत तेव्हा ना वाडी होती, ना सरकार, ना मी. नुसता प्रश्न होता. मला त्याचा रागही आला आणि हेवाही वाटला.

तुला धाप लागायची, तरी तू वाडीवर आलीस. जीप सोडल्यावरचा चढ दहा ठिकाणी बसत चढलीस आणि दर ठिकाणी नकाशा काढून बसलीस, दमलीस हे कबूल करायला नको म्हणून. वाळकूबाबांच्या अंगणात आपण तो पसरला. वारा सुटला होता, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

वाळकूबाबा वाकून बघत राहिले. "ही नदी हाय? येवढीशी?"

"एवढीच होती ना, बाबा?" तू विचारलंस.

"व्हती खरी. आमी उड्या मारून जायाचो."

तू कोऱ्या जागेवर बोट ठेवून सांगितलंस, की साहेबाला इथे वाडी दिसली नाही. मला वाटलं ते चिडतील. ते हसायला लागले. "कशी दिसंल? आमी व्हतोच कुठं? होळी झाली का वर कोन मरायला ऱ्हातंय? झरा आटला, पानी नाय. सगळी वाडी खाली नदीवर उतरायची."

तू एवढी पुढे सरकलीस की मला वाटलं त्यांच्या मांडीवर बसतेस. आणि तुझे प्रश्न सुरू झाले. घरं तशीच सोडून जायचे? नाही, छपरं उतरवून जायचे, वणवा आला तर पेंढा राहील का? आणि कूड? कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्या तेवढ्या उभ्या. छपरं उतरवायचं काम कुणाचं? बाप्यांचं, आणि पेंढा खाली वाहून न्यायचं बायांचं. यावर सगुणाची सासू आतून म्हणाली, "सांग, सांग. जड तेवढं आमच्या डोक्यावर." सगळे हसले. मग उन्हाळाभर वर कोणीच येत नसे? येत ना, राब भाजायला यायचे. पानपाचोळा आणि शेण पसरून रोपाची जागा भाजून ठेवायची आणि परत खाली. पहिला पाऊस पडायच्या आधी पुन्हा वर, छपरं घालायला.

तू माझ्याकडे वळलीस. "मोजणीची माणसं पावसाळा सरल्यावर फिरायची. हिवाळा, उन्हाळा. पावसात त्यांच्या दुर्बिणीला काय दिसणार? त्यांनी बिचाऱ्यांनी पाहिलं ते काढलं. बिनछपराचे कूड त्यांना घर वाटले नसतील."

"मग नदीवर उतरायचे ती जागा कुठली?" मी विचारलं. निव्वळ विचारायचं म्हणून.

वाळकूबाबांनी हात लांब करून खाली दिसणाऱ्या पाण्याकडे दाखवलं. तू नकाशावर नदीच्या वळणावर भिंग नेलंस. मग मला बोलावलंस. काठाशी, वाळूच्या ठिपक्यांच्या शेजारी, बारीक चौकोनांची एक ओळ होती. नाव नसलेली. घरं.

"ही बघा तुमची वाडी," तू म्हणालीस.

वाळकूबाबांनी त्या चौकोनांवर बोट ठेवलं. "इथं तं आता पानी हाय."

सगुणा म्हणाली, "म्हंजी कागदावरची आमची वाडी बुडली?"

"बुडाया काय झालं?" वाळकूबाबा म्हणाले. "आपन आता बारा महिने वर नाय का?"

परतीच्या वाटेवर तू इतकी खूश होतीस की तुझी धापही कमी झाली होती. "किती सुंदर!" तू सारखी म्हणत होतीस. आणि शहापूरच्या स्टँडवर माझा तोल गेला. मी म्हणाले, सुंदर काय त्यात? आधी नकाशा म्हणत होता की वाडी नव्हती. आता म्हणतो आहे की वाडी होती, पण खाली होती. म्हणजे वरच्या माळाशी यांचा संबंध काय, असं विचारायला समोरचे मोकळे. आपण स्वतः चढून जाऊन त्यांच्यासाठी पुरावा शोधून आणला!

तू तेव्हा ओरडलीस. "मग वाट कुणाची? सांग ना! वाट कुणाची?"

"हे तुझ्या भिंगाखाली चालतं, आत्या. कचेरीत नाही चालत."

"आणि तुझ्या पत्रकात चालतं? चाललं असतं तर आतापर्यंत सगळी फाटकं उघडली असती!"

मी सापगावची जीप पकडली. तू मुरबाडच्या गाडीची वाट बघत उभी राहिलीस, नकाशाची घडी काखेत धरून. त्यानंतर फोनवर आपण बोललो ते गॅसच्या सिलिंडरबद्दल आणि बाबांच्या गुडघ्याबद्दल. दोघींनीही तो विषय काढला नाही, कारण दोघींनाही वाटत होतं की आधी दुसरीने काढावा. आणि एका सकाळी तुझ्या शेजारच्या काकूंचा फोन आला.

तुला विचारायचं राहिलं, त्यातलं एक सांगते. भातसाचं पाणी कुठपर्यंत येईल ती रेघ कुणीतरी नकाशावर काढली असेल. मूळ कागदावरून कुणीतरी ती उतरवलीही असेल. ती तू होतीस का? लहानपणापासून मला हा प्रश्न आरोप म्हणून विचारायचा होता. आता तो आरोप उरलेला नाही. आता मला खरंच जाणून घ्यायचं आहे. ती रेघ काढताना खालची गावं दिसत होती का, की पारदर्शक कागदावर फक्त वरचंच दिसतं? तू वाढवत नव्हतीस, गाळत नव्हतीस. पण त्या रेघेवर तुझा हात कधी थांबला का? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ती घरी कामाचं बोलायची नाही." आणि मग डोळे पुसायला उठून गेले. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच उद्गारचिन्हाशिवाय पाहिलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तुझ्या घरून आणलेला नकाशा उघडून बसले. कुठे घडी घातली तर वाट दिसेल आणि कोरी जागा दडेल, ते बघत होते. हो, तरीही बघत होते. पण कुठेही घडी घातली तरी एखादी वाट तुटत होती. चारही ठेवायच्या तर कोरी जागा ठेवावी लागत होती. ती ठेवली तर नदीही येत होती. मी अख्खा नकाशा घेऊन गेले. तुझं ऐकलं म्हणून नव्हे, घडी जमली नाही म्हणून.

समोरच्या वकिलाने तहसीलदारांना अगदी माझ्या शब्दांत सांगितलं. "साहेब, अर्जदारांच्याच नकाशात वाडी नाही. वस्ती नदीकाठी आहे. वरच्या जमिनीशी यांचा संबंध नाही." मला क्षणभर वाटलं, मी लिहून दिलं होतं की काय.

मी बोलायला उठले तोवर सगुणा बोलली होती. "साहेब, नदीवरच्या मानसाला वर काय काम? ही वाट वर कशाला चढली? नि ह्या तीन बाजूंच्या तिथंच कशाला आल्या? आपन घरला जातो तशाच वाटा हाईत ना ह्या?"

साहेबांनी चष्मा लावला आणि ते नकाशावर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग त्यांनी वाळकूबाबांना विचारलं, "छपरं कुणी उतरवायचं?" आणि मला तू आठवलीस, कारण या नकाशापुढे बसलं की माणूस असलेच प्रश्न विचारायला लागतो.

शेवटी ते म्हणाले, स्वतः जाऊन जागा बघतो. मी हरखले. वकील तेवढ्याच उत्साहाने म्हणाला, "या आठवड्यातच या, साहेब. उघडा माळ आहे, एका नजरेत दिसेल." मी मान डोलवतच होते. उशीर म्हणजे अन्याय, हे मी शेकडो वेळा लिहिलं आहे. आणि मान अर्ध्यावर थांबली. वैशाख चालू होता. माळावर काय असणार? वाळलेलं गवत, राबाचे काळे डाग, वाघोबाचा दगड. वर नागलीचं एक पातं नसणार. साहेब चढून जातील, प्रामाणिकपणे बघतील, आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे लिहितील: जागा ओसाड.

"नको," मी म्हणाले. "आत्ता नको, साहेब. आत्ता गेलात तर पुन्हा हाच नकाशा होईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगुणासुद्धा. मग तिच्या ध्यानात आलं. "व्हय, साहेब. पावसात या. नागली लावतो तवा या. सगळी वाडी माळावर आसंल."

"पावसात चढायचं?" साहेब म्हणाले.

"आमी चढतो की. तुमच्या डोक्यावर इरलं धरते मी."

साहेब हसले. त्यांनी पाहणी नागलीच्या लावणीच्या दिवसांत ठेवली आणि तोवर फाटकाला कुलूप लावायचं नाही असं लिहून दिलं. निकाल काय लागेल ते कुणालाच माहीत नाही. वाटेचा निकाल लागला तरी माळाचा लागेलच असं नाही, आणि तो इंग्रज साहेबाचा नकाशा साहेबाच्याच कामासाठी काढला होता हे मी अजूनही म्हणते. हे भांडण मी सोडणार नाही. तूही सोडलं नसतंस.

बाहेर कडुलिंबाखाली चहा घेताना सगुणा म्हणाली, "तू घाबरवलंस गो. सारी जनं लवकर लवकर करतात, नि तू उशीर मागतेस! आमच्या माळावर पावसात काय आसतं, ते तुला कसं ठावं? तू कदी आलीस पावसात?"

मी आठवू लागले. आमच्या सभा मार्चमध्ये. मोर्चे मेमध्ये. पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, जीप येत नाही, म्हणून सगळं दिवाळीनंतर. आणि तुझ्याबरोबर गेले ते झरा आटायच्या दिवसांत.

"नाही आले," मी म्हणाले.

"मंग साहेबाच्या आदी ये. ऱ्हा चार दिस. पाय घसरतो पर, काठी आन."

आत्या, आपण दोघींनी त्या वाडीवरून एवढं भांडण केलं, आणि दोघींनीही ती कोरड्या दिवसांतच पाहिली होती. यंदा मी वर जाणार आहे. डोळे माझे मी नेईन. पण तिथे बसून काय काय विचारायचं, ते आता तुझ्याशिवाय ठरवावं लागेल.